सातवं पाऊल गॅलरीत पडलं

जानकी राऊळ कोर्टात खोटं बोलली ती तुमच्यामुळे.

तुम्ही वर बसला होतात, पंख्याखाली. ती खाली पिंजऱ्यात उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन. हातातली पिशवी खाली ठेवली तरी चालते हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यापुढे तुम्ही एकच प्रश्न ठेवलात, आणि त्याची दोनच उत्तरं चालतील हे आधीच ठरवून ठेवलंत. एक उत्तर दिलं की नवरा तुरुंगात. दुसरं दिलं की बहीण कुणाचीच नाही. तिसरं उत्तर तुमच्या पुस्तकात छापलेलंच नाही. तुमचं नाव मी घेत नाही. नाव घेतलं की तुम्ही म्हणाल, मी एकटा थोडाच आहे, कायदा जसा हातात दिला तसा मी चालवला. मग ज्यांनी तो तुमच्या हातात दिला त्यांनीही ऐकावं. गोष्ट मोठी नाही. मुलुंडच्या एका चाळीतल्या एका खोलीत मावेल एवढीच आहे. खरं तर तेवढीही मावली नाही, थोडी बाहेर गॅलरीत गेली. घोळ तिथेच झाला.

जानकी आणि तिचा नवरा गुणाजी, दोघं मालवणकडची. गुणाजीचा बाप गिरणीत खपला; गुणाजी मुलुंडला एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागला. जानकी जवळच्या सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जायची. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. हॉस्पिटलं झाली, नवस झाले, कुणी सांगितलं म्हणून सोमवार झाले. गुणाजी काही बोलायचा नाही. पण दुसऱ्याचं मूल जिन्यावरून पडलं की सगळ्यात आधी तो धावायचा, आणि ते बघून जानकी घरात निघून जायची.

शेवटी गावी जाऊन तिने देवाला कौल लावला. हो, तिने. गुणाजीने नाही, सासूने नाही. नवऱ्याला दुसरी बायको करून देऊ का, असं तिने स्वतः देवाला विचारलं, आणि पाषाणावर चिकटवलेली पाकळी उजव्या बाजूने खाली आली. उजवा कौल म्हणजे होकार. देवाने परवानगी दिली. तुमच्याकडून परवानगी घ्यावी लागते हे तिला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी देवापुढे तुम्ही कोण, असंच ती म्हणाली असती.

मुलगीही तिनेच बघितली. मालन, तिची मावसबहीण. सत्तावीस वर्षांची, पत्रिकेत कडक मंगळ. त्यामुळे लग्न राहिलेलं; पण अगदीच राहिलेलं नव्हतं. परुळ्याचा एक बिजवर सांगून आला होता, माडाची बाग होती, स्वतःची होडी होती. मालनने हो म्हटलं होतं. जानकी गणपतीला गावी गेली आणि तिने ते मोडलं.

“मेलेल्या बायकोचो फोटो पुसत रवतलंस आयुष्यभर? त्यापेक्षा माझ्याकडे ये.”

“तुझ्याकडे म्हणजे खय?”

“माझ्या घरात. सवत म्हणान नको गो, भैण म्हणान ये.”

मालन हसली होती. “घो एक नि भैणी दोन?”

“देवान उजवो कौल दिल्यान.”

यावर मालन काय बोलणार? ती आली. पुढची सगळी वर्षं जानकीच्या मनात ती परुळ्याची होडी कुठे ना कुठे बांधलेली होती. मालनला जरा ताप आला, ती जरा गप्प बसली, की होडी हलायची.

लग्न मुलुंडच्या खोलीतच लावायचं ठरलं, एकोणऐंशी साली. बाळ भटजी आले. त्यांनी गुणाजीला बाजूला घेतलं.

“गुणाजीराव, कायदा वाईट आहे हो. अंतरपाट धरू, हार घालू, मंगळसूत्र बांधा, लाडू खाऊ. होम आणि सप्तपदी राहू दे. दुसरेपणाला एवढं पुरतं. उद्या कुणी विचारलं तर तुम्हीही सुटाल, मीही सुटेन.”

गुणाजी घाईघाईने मान हलवायला लागला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. आणि घाबरट माणसाला कायद्यातली पळवाट वाईट माणसाआधी सापडते.

जानकी आत नारळ खवत होती. ती तशीच ओल्या हातांनी बाहेर आली. “भटजीनू, माझी भैण काय ठेवलेली म्हणून आणली मी? माझ्या लग्नात जेवढं झालं तेवढं हिच्या लग्नात झालं पायजे. एक मंत्र कमी केलात तर दक्षिणा नाय.”

“वहिनी, मी तुमच्या भल्याचं...”

“माझं भलं मी बघते. तुम्ही होम पेटवा.”

सप्तपदीचे तांदळाचे ढीग तिने स्वतःच्या मुठीने मांडले. एका भिंतीला कॉट, दुसरीकडे भांड्यांची मांडणी, कोपऱ्यात मोरी, मधोमध होम. उरलेल्या जागेत पाच ढीग बसले. सहावा उंबऱ्याला लागून आला. सातव्याला जागाच नव्हती. तेव्हा तिने दारातल्या बायकांना मागे सारलं आणि सातवा ढीग गॅलरीत घातला, शेजारच्या वनमालाबाईच्या तुळशीच्या डब्याजवळ. मालन एकेका ढिगावर उजवा पाय ठेवत गेली, उंबरा ओलांडून बाहेर आली, आणि सातवं पाऊल तिने सगळ्या चाळीच्या देखत गॅलरीत टाकलं.

“अगो जानके,” वनमालाबाई म्हणाली, “सातवं पाऊल घराबाहेर पडलं की गं! सातवं म्हणजे मैत्रीचं ना?”

“गॅलरी पण आमचीच आहे. भाडं भरतो.”

सगळी हसली. भटजी सोडून.

त्यानंतर चंपा झाली. बारशाला जानकीने तिला मांडीवर घेतलं आणि खाली ठेवलंच नाही म्हणा ना. चंपा मालनला आई म्हणायची, जानकीला मोठी. मोठीजवळ मोरीकडच्या बाजूला चटईवर झोपायची. कॉट गुणाजीचा आणि मालनचा. दोघींची भांडणं व्हायची, नाही असं नाही. मिठावरून व्हायची, नळावरून व्हायची. एकदा मालनने रागाने ताट भिरकावलं होतं. पण संध्याकाळी जेवायला दोघी एकाच ताटात बसायच्या, आणि चाळीला त्यात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शहाऐंशी साली पेपर उघडला की बायकांचेच कायदे. कुणाला किती बायका चालतात, कुणाला पोटगी मिळते, कुणाला नाही. नाक्यावर रोज सभा. “त्यांना चार चालतात आणि आपल्याला एकच! कायदा सगळ्यांना सारखा पायजे!” गुणाजीही ओरडायचा, “पायजे, पायजेच!”

“गुण्या, सारखा झाला तर तुला एक परत करावी लागेल रे!” कुणीतरी म्हणालं. नाका हसला. गुणाजीही हसला, आणि गंमत म्हणून त्याने घरी येऊन सांगितलं. मालन हसली नाही. तिने फक्त विचारलं, “खंयची परत करतलास?”

त्याच साली जानकीचा धाकटा भाऊ कुंडलिक वाकोल्याहून बहिणीकडे दोन दिवस राहायला आला. त्याने काय बघितलं? बहीण मोरीजवळ चटईवर, सवत कॉटवर. बहीण पहाटे पोळ्यांच्या कामाला बाहेर पडते, सवत घरात. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही, खरंच आलं.

“ताई, या घरात तुला मोरीजवळ जागा?”

“अरे, चंपीला माझ्याजवळ झोपायची सवय. लाथा मारते मेली, पण दुसरीकडे झोपत नाही.”

तिला वाटलं, समजला. त्याला वाटलं, ताई लपवते आहे. तो घाटकोपरला एका महिला केंद्रात गेला. तिथे ॲडव्होकेट सुहासिनीबाई बसायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांनाही राग आला, आणि फिर्याद लिहिली गेली: पहिली बायको हयात असताना गुणाजी राऊळने दुसरं लग्न केलं. भावाला तो अधिकार तुम्हीच दिला आहे, बहिणीच्या वतीने, बहिणीला न विचारता. समन्स घेऊन शिपाई चाळीत आला तेव्हा जानकी गुणाजीचा शर्ट पिळत होती.

ती तशीच वाकोल्याला गेली.

“कुणी सांगितलं तुला?”

“तुझ्या तोंडातून आलं नसतं, ताई. म्हणून मी बोललो.”

“माझ्या तोंडात काय आहे ते विचारलंस?”

“सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जाऊ दे त्याला आत. तू माझ्याकडे ये, मी पोसतो.”

“आणि मालन? चंपी?”

“त्यांचं ते बघतील. कायद्यात त्या नाहीतच.”

जानकी त्याच्या दारात बसून राहिली. भावाला शिवी द्यावी तर तो तिच्यासाठीच हे करत होता. स्वतःला द्यावी तर ती द्यायला तोंड कुठून आणायचं? लग्न लावलं तिने, ढीग मांडले तिने, भटजीला दम दिला तिने. शिक्षा व्हायचीच तर ती त्या मुठीला व्हायला हवी होती, आणि कागदावर त्या मुठीचं नावच नव्हतं.

गुणाजीने वकील केला, नंदकुमार नावाचा. हुशार माणूस. त्याने राऊळांच्या खोलीतच कॉटवर बसून सगळ्यांना समजावलं.

“पहिल्या बायकोला साहेबांकडे तडजोडीची परवानगी मागता येते. पण ती त्यांच्या मर्जीवर. मर्जी नाही झाली तर दोन लग्नांची कबुली आपल्याच गळ्यात. त्यापेक्षा सरळ रस्ता आहे. कोर्टाला हार दिसत नाही, मंगळसूत्र दिसत नाही, संसार दिसत नाही. कोर्ट एकच विचारतं, सात पावलं टाकली का? टाकली, तर लग्न झालं. लग्न झालं म्हणून गुन्हा. टाकली नाहीत, तर लग्नच झालं नाही. गुणाजीराव मोकळे, नोकरी शाबूत. भटजी तयार आहेत. चाळवाले बोलणार नाहीत. राहिलात तुम्ही, जानकीबाई.”

“मी सांगते ना, मीच लावून दिलं लग्न. माझी तक्रार नाय.”

“तुमच्या संमतीने गुन्हा पुसला जात नाही.”

“आणि मालनचं काय होईल?”

नंदकुमारने चहाचा घोट घेतला. “मालनबाईंचा या केसमध्ये तसा काही संबंध नाही.”

मालन तिथेच, स्टोव्हजवळ बसली होती. चहा तिनेच केला होता.

साक्षीच्या आदल्या दुपारी दोघी तांदूळ निवडत बसल्या होत्या. चंपा शाळेत होती. मालनने सूप खाली ठेवलं.

“बाय, नाय म्हण.”

“मीच मांडले होते ढीग, मालन.”

“माका म्हायत नाय? गॅलरीत पाय टाकलंय तेव्हा वनमालाबायची मांजर आडवी गेली, ता पण याद आसा माका. तू नाय म्हण. घो आत गेलो तर चेडवाक काय घालशीत?”

“आणि तू?”

“मी काय? म्हटल्यान काय पावलां पुसतत?”

किती सहज म्हणाली ती. जानकीला वाटलं, चला, हिने माफ केलं. आपल्याला हवं ते दुसऱ्याच्या तोंडून आलं की माणूस लगेच त्याला माफी समजतो.

दुसऱ्या दिवशी तुमच्यापुढे बाळ भटजी उभे राहिले आणि म्हणाले, अंतरपाट धरला, हार घालायला लावले, बाकी काही नाही. वनमालाबाई म्हणाली, मी लाडू वळत होते. कुणी म्हणालं मी ड्युटीवर, कुणी म्हणालं मी गावी. ज्या गॅलरीत उभं राहायला जागा नव्हती तिथे त्या दिवशी कुणीच हजर नव्हतं. मग जानकीला बोलावलं. सुहासिनीबाईंनी अगदी हळू विचारलं, त्या जानकीच्याच बाजूने लढत होत्या ना.

“घाबरू नका. फक्त खरं सांगा. सप्तपदी झाली का?”

दाराशी मालन उभी होती. चंपा तिचा पदर ओढून काहीतरी मागत होती, आणि मालन तिला गप्प करत होती. जानकीने ते बघितलं.

“नाही.”

“नीट आठवून सांगा.”

“नाही झाली. दहा बाय दहाची खोली. एका भिंतीला कॉट, मधे माणसं. सात पावलं टाकायला जागा तर पायजे ना, साहेब.”

तुम्ही हसलात. आठवतं? दिवसभरात पहिल्यांदा हसलात, आणि टायपिस्टला म्हणालात, हे लिहा, चांगला मुद्दा आहे. जागा खरंच नव्हती. म्हणून तर ती बाहेर आली होती. तिने खऱ्यातलंच अर्धं उचलून त्याचं खोटं केलं. पिंजऱ्यातून उतरताना तिचा पाय अडखळला. शिपायाने विचारलं, चक्कर आली का? ती म्हणाली, नाही, पायऱ्या मोजत होते.

त्या संध्याकाळी घरी स्टोव्हजवळ जाऊन मालनने विचारलं, “बाय, चहा टाकू?”

जानकी पिशवी रिकामी करत होती, तिचा हात थांबला. या घरात मालनने कधी विचारलं नव्हतं. चहा टाकायची, नाहीतर टाकायची नाही. जेवताना तिने विचारलं, “मी तुझ्या ताटात बसू?” मग, “चंपाक कॉटवर निजवू?”

“विचारतंस काय गो असं?”

“विचारूक व्हया. आता मी पावणी.” आणि हसली. टोमणा असता तर जानकीने भांडण काढून मोकळं केलं असतं. तो टोमणा नव्हता. मालनने कोर्टात ऐकलेलं आपलं समजून घेतलं होतं.

त्या दिवसापासून जानकीच्या पोळ्या बिघडल्या. एका सोसायटीतल्या बाई म्हणाल्या, “जानकीबाई, अहो, तवा तापायच्या आधीच टाकताय.” तिला तवा दिसतच नव्हता. दिसायचा तांदळाचा ढीग, आणि त्यावर मालनच्या टाचेची खूण.

निकाल लागला. सप्तपदी सिद्ध झाली नाही, विवाह झालाच नाही, आरोपी निर्दोष. गुणाजीने बाहेर पेढे वाटायला घेतले. जानकी कोर्टाच्या कँटीनमध्ये कोपऱ्यात बसली. शेजारच्या टेबलावर दोन्ही वकील होते. आत एकमेकांचे गळे धरतात आणि बाहेर एक वडा दोघांत खातात, असंच असतं म्हणे.

“सुटला तुमचा अशील,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “पुरुष नेहमीच सुटतो.”

“माझ्यामुळे नाही, बाई. तुमच्या कलमामुळे. शिक्षा ठेवलीत म्हणून ती बाई खोटं बोलली. शिक्षा काढा, दोघींना घरात हक्क द्या, मग बघा किती खरं बोलते.”

“काढा? आणि उद्या प्रत्येक गुणाजीला रान मोकळं? आज निदान भीती तरी आहे.”

“कुणाला? भटजीला आहे, बायकांना आहे. गुणाजी तिकडे पेढे वाटतोय.”

सुहासिनीबाईंनी वडा खाली ठेवला. “वकीलसाहेब, माझ्या आईला सवत होती. वडिलांनी उघडउघड आणली, तेव्हा गुन्हाही नव्हता. आईचं काय झालं ते मी बघितलंय. मला शिकवू नका.”

“बरं. नाही शिकवत. त्या सवतीचं पुढे काय झालं?”

बाईंनी बशी बाजूला सारली. म्हणाल्या, “माहीत नाही. वडील गेले आणि... माहीत नाही मला.”

जानकी उठून त्यांच्या टेबलाशी आली. “बाई, माझ्या चंपीचं काय?”

सुहासिनीबाईंनी आधी तिच्याकडे आणि मग टेबलाकडे बघितलं. “जानकीबाई, सात पावलं झाली असं तुम्ही म्हणाला असतात तर मालनचं लग्न कायद्याने रद्दच ठरलं असतं. पण चंपा औरस धरली असती. बापाची मुलगी, बापाच्या मिळकतीत हक्क. तेवढी सोय कायद्याने मुलांपुरती केली आहे. आता लग्न झालंच नाही असं ठरलं. म्हणजे ती सोयही...”

“हे मला आधी का नाय सांगितलंत?”

“मी तुमच्या भावाला भेटले,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला भेटायला हवं होतं.”

नंदकुमार कपातला चहा ढवळत राहिला. त्यात साखर कधीच विरघळली होती.

घरी जानकी कुणाला काही बोलली नाही. मालनला कसं सांगणार? आधी तुझी होडी मोडली, मग तुझी पावलं पुसली, आता तुझी पोरगीही. चंपा जवळ झोपायला आली की ती कूस बदलायची. पोर विचारायची, “मोठी, रागावलीस?” ती म्हणायची, “झोप.”

मग एका रविवारी कारखान्यातले दोस्त गुणाजीला न्यायला आले. सुटल्याची पार्टी राहिली होती. चंपाला ताप होता. मालन दारात उभी राहिली.

“आज जाव नको. चेडू फणफणलाहा.”

दोस्त जिन्यात उभे होते, ऐकत होते. गुणाजीला लाज वाटली की माज आला, देव जाणे. तो म्हणाला, “तू कोण गं थांबवणारी? कोर्टानं सांगितलंय, तू माझी कोणी नाय.”

जिन्यातून एकजण हसला. गुणाजीही हसला. “मस्करी केली गो. तोंड काय पाडतंस?”

मालन दारातून बाजूला झाली. रडली नाही, भांडली नाही, वाट दिली. त्या रात्री तिने कॉट सोडला, एक चटई उचलली आणि गॅलरीत टाकली, तुळशीच्या डब्याजवळ. “आत उकाडता,” म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तिथेच झोपली. तिसऱ्या दिवशीही. गुणाजी आतून म्हणायचा, “मी कुठे बाहेर काढलं? स्वतः गेली.” पण त्याला झोप यायची नाही, कूस बदलताना कॉटची कुरकुर बाहेर ऐकू यायची. त्यालाही कळत होतं. आत बोलावण्याएवढा धीर मात्र त्याच्यात नव्हता.

वनमालाबाईने एकदा जानकीला नळावर गाठलं. “मी लाडू वळत होते म्हणाले गं. कधी वळले मी लाडू? तुझ्या गॅलरीत पहिल्या रांगेत होते.” आणि हंडा अर्धा भरलेला तसाच ठेवून निघून गेली.

त्यानंतर जानकी एक दिवस पोळ्यांचं काम टाकून तुमच्याकडे आली. कुणी बोलावलं नव्हतं. तुमच्यापुढे भाड्याच्या भांडणाची काहीतरी केस चालू होती. ती सरळ पुढे गेली, आणि शिपाई धावेपर्यंत बोलून मोकळी झाली.

“साहेब, मी खोटं बोलले. पावलं झाली होती. पाच आत, एक उंबऱ्याशी, सातवं गॅलरीत. ढीग मी मांडले होते.”

तुम्ही चष्मा काढलात. “कुठली केस, बाई?”

“गुणाजी राऊळ. मी त्याची बायको. पहिली.”

“ती संपली. अपील करायचं तर तुमच्या भावाने वकील गाठावा. आणि खोटी साक्ष हा गुन्हा आहे, कळतं का तुम्हाला?”

“म्हणून तर आले. मला घाला आत. पण लिहा की पावलं झाली.”

“पावलं झाली असं लिहिलं तर तुमचा नवरा आत जाईल. ते हवंय?”

“नको.”

“मग झाली नाहीत असंच राहू दे.”

“तेही नको.”

कोर्ट हसलं. या वेळी तुम्ही हसला नाहीत, हे मी मान्य करतो. तुम्ही विचारलंत, “मग तुम्हाला हवंय तरी काय, बाई?”

जानकीने पिशवी खाली ठेवली. “गॅलरीत एक बाई झोपते साहेब. मी आणली तिला. तिच्या पायाखाली मी तांदूळ घातले, आणि मीच ते काढून घेतले. माझं काय व्हायचं ते होऊ दे. ती कोण, तेवढं सांगा. मी घरी जाऊन तिला सांगते, आत ये.”

तुम्ही चष्मा लावलात आणि शिपायाला म्हणालात, “पुढची केस.”

पुढची नाही. हीच. चार चालतात की एकच, यावर तुम्ही परिषदा भरवा, पेपरात लिहा, कलम ठेवा नाहीतर काढा, पण आधी या बाईला उत्तर द्या. गुणाजीला तुम्ही निर्दोष म्हणालात, भटजी घरी गेला, चाळ गप्प बसली, आणि जिच्या पावलांवरून हे सगळं झालं तिचं नाव तुमच्या निकालात फक्त एकदा येतं, तेही “सदर स्त्री” म्हणून. जानकी घरी पोचली तेव्हा सदर स्त्री पुन्हा तापलेल्या चंपाच्या कपाळावर थंड पाण्याची घडी ठेवत गॅलरीत बसली होती. तिने वर बघितलं आणि विचारलं, “बाय, हिका घेऊन आत येऊ?”

मालन कोण आहे? सांगा. जानकी दारात उभी आहे, आणि तिच्याकडे अजून उत्तर नाही.